गुरुजींची न संपणारी गोष्ट

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली. ही पानं कुणाच्या हाती लागलीच तर समजून घ्यावं. पण शेजारच्या वामन गुरुजींबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गुरुजींना कुठलीच गोष्ट साधी दिसत नाही. उटनूरच्या बाजारात भाजीवालीनं सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी जरा मोठी दिली, तर ते जुडी धरून तिथंच उभे राहतात. "याच्या मागं काय हाये?" उद्या सुकेल म्हणून दिली, असं ती तेलुगूत सांगते. गुरुजींना ते पटत नाही. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा म्हणाले, "पोरी, हे प्रतीक हाये." मी म्हटलं, चप्पल जुनी झाली होती. "तेच तं प्रतीक!"

दुपारी मी त्यांच्याकडे त्यांच्या बायकोसोबत, कमलकाकूंसोबत, वाती वळायला जाते. दिवाळीनंतर त्या घरात अबोला शिरला. त्यांच्या हैदराबादच्या मुलाला मुलगी झाली, तो दोघांनाही कायमचं बोलावत होता. काकूंना जायचं होतं. गुरुजी म्हणाले, तिथं मले कोण वळखते? मग काकूंनी एकटीचंच तिकीट काढलं. परत येणार की नाही, ते सांगितलं नाही.

तेव्हापासून दोघं माझ्या तोंडून बोलू लागले. "शेवंता, त्यायले सांग, चहा ठेवला." गुरुजी हातभर अंतरावर. तरी मी सांगायची. "तिले सांग, साखर कमी टाक." तेही सांगायची. हसू यायचं आणि जीवही घाबरायचा.

त्याच दिवसांत गुरुजींनी मासिकाच्या एका जुन्या अंकातली गोष्ट काढली. रोज तीच मोठ्यानं वाचायचे. दोन जोडपी जेवायला जमतात. पाहुणे नवरा-बायको सारखे हसतात, घरचे दोघं गप्प. पाहुणे गेल्यावर घरची बाई कप धुते, एक उपडा ठेवते, एक उताणा. मग चप्पल घालून दारात उभी राहते. बस, गोष्ट संपली.

"सांग शेवंता, गेली का राह्यली?"

मला कुठलं कळायला? गुरुजीच सांगायचे, उपडा कप म्हणजे नवरा. त्याचा हिशेब मिटला.

एक दिवस आतून काकूंचा आवाज आला, "त्यायले सांग, पाल पडू नये म्हून बाई कप उपडा ठेवते."

"तिले विचार, मग दुसरा काऊन उताणा?"

आत भांडी वाजायची थांबली. गुरुजी जिंकले होते, पण त्यांचा चेहरा पडला. वाचायचा चष्मा काढून ते नुसते पुसत बसले. माझ्या हातातली वात पिळून पिळून तुटली.

काकू निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कापूस वेचायला माणसं होती. मला उशीर झाला. जाते तर ओसरीवर गुरुजी एकटेच, समोर कुणी नाही, आणि मोठ्यानं गोष्ट वाचत होते. मी पायरीशीच थांबले. तेव्हा कळलं की ते इतके दिवस मला वाचून दाखवत नव्हते.

बाई दारात उभी राहिली, इथपर्यंत आले. मी म्हटलं, आता संपली. पण गुरुजींनी अंक मिटला आणि न बघताच पुढं सांगू लागले. "बाई म्हणाली, येता का? नवरा उठला. त्याले चप्पल सापडेना. म्हणाला, थांब वं जरा, मले एकट्याले ठेवून जाऊ नको."

आवाज बारीक झाला होता. मग काकू स्वैपाकघराच्या दारात आल्या.

"असं पुस्तकात नाही," त्या म्हणाल्या. मला नाही, त्यांना.

"नाही. मीच जोडलं."

काकूंनी पदरानं हात पुसले. "गाडीत थंडी राह्यते," म्हणाल्या. "तुमचं स्वेटर काढून ठेवते."

मी वातींचा कापूस तसाच घेऊन घरी आले.