वाटाण्यांचे आभार

जेवायला बसल्यावर घरातल्या चिमुरडीने, म्हणजे मुंगीने, दोन्ही हात मांडीवर ठेवले, डोळे घट्ट मिटले आणि ती गप्प बसून राहिली. आईला वाटलं, वाटाणे नको असल्याचा हा नवा प्रकार असावा.

"काय गं, पोट दुखतंय का?"

"शू! आमच्या शाळेत जेवायच्या आधी आभार मानतात."

‘आमच्या शाळेत’ हे ऐकून तिच्या बाबांचा, म्हणजे निरीक्षकसाहेबांचा, घास तोंडापर्यंत जाऊन परत ताटात आला. शाळा अजून ‘आमची’ झालेली नव्हती, आणि साहेबांच्या मते होऊही नये. ती धर्मसंस्थेची शाळा होती. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, भिंतींवर सुविचार. या घरात मात्र देव कुणीच मानत नव्हतं. निरीक्षकसाहेब दुकानांतले वजनकाटे तपासत. जे काट्यावर ठेवता येत नाही त्याबद्दल बोलू नये, असं त्यांचं सरळ मत होतं. डॉक्टरबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि मुंगीची आई, दातांच्या डॉक्टर होत्या. माणसाच्या जबड्यात रोज डोकावून त्यांचाही विश्वास बेताचाच उरला होता.

तरी मुंगीसाठी ही शाळा डॉक्टरबाईंनीच सुचवली होती. मागच्या वर्षी त्यांचा पाय मोडला, तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत दारावरची घंटा एकदाही वाजली नाही. त्याच सुमारास समोरच्या इमारतीतल्या एका बाईंना साधा ताप आला, तर त्यांच्या जिन्यात डबे घेतलेल्या लोकांची रांग. ती सगळी त्या शाळेतल्या पालकमंडळींची रांग होती.

"मला देव नकोय," डॉक्टरबाई तेव्हापासून म्हणत होत्या. "मला माणसं हवीत. उद्या आपलं काही झालं तर या पोरीला कोण आहे?"

त्यावर साहेब नुसते चिडत. शेवटी शाळेने तोडगा काढला. मुलीला आठवडाभर वर्गात बसू द्या, शुक्रवारी काय ते सांगा. आज सोमवार होता आणि पोरगी डोळे मिटून बसली होती.

"आभार मानायला माझी हरकत नाही," साहेब म्हणाले. "पण कुणाचे मानतेस?"

मुंगीने एक डोळा उघडला. "ते नाही सांगितलं."

"बघा! पत्त्याशिवाय पत्र टाकायचं! हे बघ बाळा, ज्याने काम केलं त्याचे आभार. थेट. नाव घेऊन. वाटाणे शिजवले आईने. आईचे आभार."

"थँक्यू आई. आणि वाटाणे कुणी आणले?"

"मी."

"थँक्यू बाबा. तुला कुणी दिले?"

"दुकानदाराने."

मुंगीने दुसराही डोळा उघडला. "मग त्यांना म्हण ना थँक्यू."

"ते इथे कुठे आहेत?"

"तूच म्हणालास ना, थेट!"

डॉक्टरबाईंनी पदर तोंडाला लावण्याऐवजी पाण्याचा पेला लावला. पण खांदे हलायचे ते हललेच.

साहेब शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते मुंगीचं बोट धरून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेले. आता हे साहेब गल्लीच्या तोंडाशी दिसले तरी बाजारातले काटे आपोआप शून्यावर येत. कामाशिवाय ते कधी कुणाशी बोलले नव्हते. त्यांना पाहताच दुकानदाराने हातातलं काम टाकलं, काटा फडक्याने पुसला आणि घाम पुसायलाही तेच फडकं वापरलं.

"साहेब, काही चुकलं का आमचं?"

"नाही. काल तुमच्याकडून वाटाणे नेले होते."

"कमी भरले?"

"बरोबर भरले. चांगले होते. त्याबद्दल आभार मानायला आलोय."

दुकानदार वाट पाहत राहिला. पुढे काहीतरी येणार, याची त्याला खात्री होती. पुढे काहीच आलं नाही. साहेबांनी हात जोडले, मुलीने हात जोडले आणि दोघं निघून गेले. दुकानदाराची जेवणावरची वासनाच उडाली. दंड झाला असता तर तो निवांत झोपला असता.

मुंगीला मात्र जोर चढला. जिना चढताना ती थबकली. "बाबा, हा दिवा कोण लावतं?"

"गेला की वरचे काका बदलतात."

वरचे काका म्हणजे डोक्यावर खुर्च्या सरकवणारे निवृत्त गृहस्थ. खुर्च्यांवरून त्यांचं आणि साहेबांचं वाजलेलं, आणि तेव्हापासून जिन्यात भेट झाली की दोघंही भिंतीकडे बघत. पण नियम म्हणजे नियम. साहेबांनी घंटा वाजवली.

"खुर्ची नाही सरकवली मी!" काका दार उघडण्याआधीच ओरडले.

"खुर्चीचं नाही. जिन्यातला दिवा तुम्ही बदलता. त्याबद्दल आभारी आहे."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "तब्येत बरी आहे ना तुमची?"

"उत्तम."

हे ‘उत्तम’ साहेबांनी फार गंभीरपणे म्हटलं. ते सगळंच गंभीरपणे म्हणत. काकांना ते काही बरं लक्षण वाटलं नाही.

राहता राहिली ताई, साहेबांची मोठी बहीण. "बाबा, तुला सायकल कुणी शिकवली?" असं मुंगीने विचारलं आणि साहेबांनी फोन लावला. भाऊ वर्षातून एकदा, तोही कामासाठीच फोन करायचा. तो आज एवढंच म्हणाला, "ताई, लहानपणी तू माझ्या सायकलमागे धावलीस. तेव्हा म्हणायचं राहून गेलं. आभारी आहे." पलीकडून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

बुधवारी सकाळी ताई बॅग घेऊन हजर. जिन्यातच तिला हुंदका फुटला, आणि काका नेमके पेपर घ्यायला खाली येत होते. काका तसेच पुढे दुकानात गेले. दुकानदाराने वाटाण्यांची हकीकत सांगितली, काकांनी दिव्याची सांगितली, वर बहिणीचं रडणं. दोघांनी मान हलवली.

"जाणारा माणूसच असा सगळ्यांचे आभार मानत फिरतो," दुकानदार म्हणाला. "आणि चेहऱ्यावर बघा, काही दाखवत नाहीत!"

चेहऱ्यावर काही दाखवणं साहेबांना जन्मात जमलं नव्हतं, पण ते कोण लक्षात घेतो! दुकानदाराचा मुलगा त्याच शाळेत होता. बातमी त्याच्या दप्तरातून शाळेत पोचली.

दुपारी डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात एक म्हातारे पेशंट दाढ काढून घ्यायला आले होते. दातांच्या डॉक्टरचे आभार कुणी मानत नाही, जबडा धरून घरी जातात. पण हे गृहस्थ सुन्न झालेल्या तोंडाने म्हणाले, "धीर धरा हो बाई. आम्ही आहोत."

"अहो, दाढ तुमची आहे!"

त्यांनी बाईंच्या हातावर थोपटलं आणि ते डोळे पुसत गेले. डॉक्टरबाईंना काही उमगेना. उमगलं ते संध्याकाळी घरी आल्यावर. टेबलावर फळं होती. ओट्यावर डबे होते. दुकानदार दाराशी उभा होता, त्याची बायको भाजी निवडत होती, काका पंख्यावरची धूळ पुसत होते, आणि ताई प्रत्येकाला तीच सायकलची गोष्ट नव्याने सांगत होती. सगळे दबक्या आवाजात बोलत होते. मधोमध साहेब खुर्चीवर बसलेले. त्यांच्या गुडघ्यांवर कुणीतरी शाल टाकली होती.

"मी आजारी नाही," ते पत्नीला म्हणाले. "सगळ्यांना दोनदोनदा सांगितलं."

"केवढा धीर!" दुकानदाराची बायको पुटपुटली.

"अहो, खरंच नाहीये मी आजारी!"

"नाही ना, नाहीच," काका समजुतीने म्हणाले. "तुम्ही म्हणता तसंच."

शेवटी डॉक्टरबाईंनी सूत्रं हातात घेतली. आपण डॉक्टर आहोत, दातांच्या का असेना, असं बजावून त्यांनी नवऱ्याला उभं केलं, शाल काढली आणि डोळे मिटण्यापासून वाटाण्यांपर्यंत सगळी हकीकत सांगितली. साहेब धडधाकट निघाले म्हणून मंडळी निराश झाली असं म्हणणं बरं दिसणार नाही, पण ताई बॅगेकडे एकदा हताशपणे बघून घेऊन मगच हसली.

काका मात्र हसले नाहीत. "म्हणजे दिव्याबद्दल तुम्ही दिव्यासाठीच आभार मानलेत?"

"हो. दुसरं कशासाठी मानणार?"

काकांनी धुळीचं फडकं हातात पिळलं. "इतकी वर्षं बदलतोय मी तो. कुणी वर बघितलंसुद्धा नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "खुर्च्यांना रबर लावून घेतो."

दुकानदारही बोलला. त्याला वाटाण्यांबद्दल आजवर तक्रारीच ऐकायची सवय होती. एवढं बोलून तो रडवेला झाला आणि बायकोवर खेकसला, "चल आता, दुकान उघडं टाकून आलोय!" डबे मात्र कुणीच परत नेले नाहीत.

सगळे गेल्यावर डॉक्टरबाई भरलेल्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. मागच्या वर्षी याच ओट्यापाशी त्या एका पायावर उभं राहून चहा करत होत्या. त्यांनी एका डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि त्या रडल्या.

"आता काय झालं?" साहेब घाबरले.

"काही नाही. बरं वाटलं."

"मग आता त्या शाळेची गरज काय? माणसं तर आली!"

डॉक्टरबाई काही बोलणार तेवढ्यात फोन वाजला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. "कशी आहे साहेबांची प्रकृती? सगळी शाळा त्यांच्यासाठी प्रार्थना करतेय हो!"

"ठणठणीत आहेत ते," डॉक्टरबाई म्हणाल्या. पलीकडून आनंदाचा असा चीत्कार आला की तो साहेबांनाही ऐकू गेला. आयुष्यभर त्यांनी चमत्कार खोडून काढले होते, आणि आज ते स्वतःच एक चमत्कार होऊन बसले होते.

"हा गैरसमज मी समक्ष जाऊन दूर करणार," त्यांनी जाहीर केलं.

शुक्रवारी तिघं शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाई दारातच भेटल्या. साहेबांनी वेळ न घालवता सांगून टाकलं, "मी आजारी नव्हतोच. शिवाय आम्ही देवही मानत नाही."

"दुसरं मुंगीने पहिल्याच दिवशी सांगितलं," बाई म्हणाल्या. "पहिलं मला काल दुकानदारांकडून कळलं. पण मुलांनी फार मनापासून केलं हो. त्यांना एकदा तुम्हाला बघू तरी द्या. मग काय सांगायचं ते सांगा, मी अडवणार नाही."

सभागृहात मुलं रांगेत बसली होती. साहेबांना बघताच पुढचा एक चिमुरडा उठून ओरडला, "चालतायत!" आणि सगळ्या हॉलभर हसू फुटलं. साहेब पुढे उभे राहिले. घरून वाक्य तयार करून आणलं होतं.

"मुलांनो, खरं सांगायचं तर मी..."

ते थांबले. एवढी पोरं आपल्यासाठी प्रार्थनेला हालचाल न करता बसली होती. मुंगीला जेवताना पाच मिनिटं एका जागी बसवणं किती कठीण, हे त्यांना ठाऊक होतं. दुकानदाराने वाटाणे तरी पैसे घेऊन दिले होते. या पोरांनी काहीच घेतलं नव्हतं, आणि त्यांनी केलेलं कुठल्याच काट्यावर ठेवता आलं नसतं.

"...मी आता बरा आहे," ते म्हणाले. "खूपच बरा आहे. तुमचा सगळ्यांचा आभारी आहे."

डॉक्टरबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"बाबा!" मुंगीचा आवाज आला. "असं घाऊक नाही! थेट म्हणायचं. एकेकाला."

मुलांना ही कल्पना फारच आवडली. मग काय! साहेब पहिल्या रांगेपासून निघाले. प्रत्येकासमोर वाकायचं, नाव विचारायचं, आभार मानायचे. कुणी हात मिळवला, कुणी लाजून मागच्याच्या पाठीशी लपलं, एकाने "औषध कडू होतं का?" असंही विचारलं. दुसऱ्या रांगेत साहेबांची कंबर धरली, तिसऱ्या रांगेत ते हसायला लागले. त्यांचे दात इतके एकसारखे आहेत हे डॉक्टरबाईंनाही फार दिवसांनी दिसलं. शेवटच्या रांगेच्या टोकाला मुंगी बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"तू कशाला बसलीस इथे?"

"मी पण केली होती प्रार्थना."

"अगं, पण मी आजारी नाही हे तुला माहीत होतं की!"

"मी सांगणारच होते. पण सगळ्यांनी डोळे मिटले, आणि डोळे मिटल्यावर बोलायचं नसतं. मग मी पण मिटले."

साहेब तिच्यासमोर जमिनीवरच बसले. "आणि काय मागितलंस?"

"काही नाही. तू बराच होतास ना. मी नुसतं थँक्यू म्हटलं."

"कुणाला?"

मुंगीने नीट विचार केला. "ते अजून ठरवलं नाही मी."

साहेबांनी हात जोडले आणि इतरांचे मानले तसेच, नाव घेऊन, मुलीचेही आभार मानले. गुडघ्यावर हात ठेवून उठत ते मुख्याध्यापिकाबाईंकडे वळले.

"सोमवारी किती वाजता सोडायचं हिला?"