कोंबड्याचे उड्डाणतास

एका जंगलात, बाळांनो, पायी चालणाऱ्याला लोक हळूच हसू लागले होते. कारण तिथे 'वाऱ्यावर हवाई सेवा' सुरू झाली होती. एक मोठी टोपली, तिला दोन बाजूंना दोन वेली, आणि त्या वेली धरून उडायला दोन पक्षी. भाडं इतकं कमी, की घरी बसणं महाग वाटावं.

त्याच जंगलात कुंदा नावाची सायाळ नुकतीच लग्न होऊन आली होती. बोलायची कमी, बघायची जास्त. तिचं माहेर डोंगरापलीकडे. धाकट्या बहिणीचं लग्न सहा दिवसांवर आलं होतं. पायी गेलं तर पाच दिवस. टोपलीने गेलं तर दुपारच्या जेवणाला हजर.

"टोपलीनेच जा," नवरा म्हणाला. "आत्याही येतेय सोबत. दोन तिकिटांवर एक केळं फुकट आहे."

आत्याबाई म्हणजे नवऱ्याची आत्या. फुकट केळ्यासाठी त्या कोणाच्याही लग्नाला गेल्या असत्या.

दोघी उड्डाणाच्या माळावर पोचल्या. वेली जुन्या होत्या, त्यांना मारलेल्या गाठी नव्या होत्या. कुंदाने दोन्ही पाहिलं. टोपलीवर 'सुरक्षित' असा शिक्का होता. तो कासवाने मारला होता. कासवाला उडण्यातलं काहीच कळत नसे, त्यामुळे ते कोणाची बाजू घेणार नाही, असं सगळ्यांचं मत होतं.

डावी वेल कॅप्टन गिधाडांकडे होती. प्रवाशांकडे ते फार मायेने बघत. उजव्या वेलीपाशी एक कोंबडा उभा होता. टोपी कोरी करकरीत.

टोपलीत बसता बसता कुंदा आत्याबाईंच्या कानाशी लागली. "आत्या, हा कोंबडा आहे."

"असू दे. एवढ्याशा भाड्यात काय गरुड येणारे? आणि विचारायला जाऊ नकोस. नवी सून आहेस. लोक म्हणतील, स्वस्तात बसतात आणि वर चौकशा करतात."

टोपलीतल्या बाकीच्यांचंही हेच मत होतं. ते केळी खात होते.

पण कुंदाला बहिणीच्या लग्नाला जायचं होतं, आणि जिवंत जायचं होतं. ती पुढे सरकली.

"दादा, तुम्ही आजवर किती वेळा उडालात?"

"आजचं धरून, वहिनी?"

"धरून."

"एकदा."

"आणि आजचं सोडलं तर?"

कोंबडा पायाकडे बघू लागला. "आमच्या घरापाशी कुंपण आहे. तसं बऱ्यापैकी उंच आहे."

"मग तुम्हाला नोकरी कोणी दिली?"

"दिली नाही, विकत घेतली. बाबांनी उकिरडा विकला. पाचशे तास हवेत काढले की पगाराची नोकरी मिळते म्हणे." त्याने आवाज खाली आणला. "वहिनी, तुम्ही घाबरू नका. मी घाबरलोय तेवढं पुरे आहे."

एवढ्यात कंपनीचा मालक तरस हसत हसत आला. त्याचं तोंडच तसं होतं. "काय अडचण आहे, ताई?"

"यांना उडता येत नाही."

"म्हणून तर त्याने पैसे भरलेत. येत असतं तर आम्हाला पगार द्यावा लागला असता. तुम्ही सगळ्यांनी मिळून भरलंत, त्याच्या तिप्पट त्याने एकट्याने भरलंय. खरं गिऱ्हाईक तो आहे, ताई. तुम्ही वजनाला."

टोपलीत कुजबुज झाली. आता सगळे उतरणार, असं कुंदाला वाटलं. एक ससा उठून उभा राहिला.

"म्हणजे जास्तीचे भरले, तर आम्हालाही वेल धरू द्याल?"

तरसाने त्याला लगेच फॉर्म दिला.

कुंदा खाली उतरली.

"उतर, उतर. कर तंगडतोड," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या आईला सांगते, पोरगी भित्री निघाली." आणि कुंदाच्या वाटणीचं अर्धं केळंही त्यांनी ठेवून घेतलं.

कुंदा चालू लागली. जरा वेळाने टोपली तिच्या डोक्यावरून गेली. तिरकी.

पाचव्या दिवशी संध्याकाळी ती माहेरी पोचली. आत्याबाईंचा पत्ता नव्हता. लग्न लागलं, पंगती उठल्या, मांडव उतरला, तेव्हा त्या आल्या. अंगावरच्या प्रत्येक काट्याला सावरीचा कापूस.

झालं होतं असं, की ओढा ओलांडताच कोंबडा दमला आणि टोपलीत येऊन बसला. कॅप्टन गिधाडांनी एकट्याने टोपली ओढत एका सावरीपर्यंत नेली, शेंड्याला अडकवली, आणि ड्यूटी संपली म्हणून ते घरी गेले. तीन दिवस सगळे लटकले. मग माकडांनी उतरवलं आणि सगळे चालत निघाले.

"मग कंपनीला जाब विचारलात की नाही?" कुंदाच्या आईने विचारलं.

"जाब कसला विचारायचा, विहीणबाई? एवढ्या भाड्यात झाडापर्यंत नेलं, तेच खूप झालं."

कोंबड्याचं मात्र भलं झालं. तीन दिवस त्याचे पाय जमिनीला लागले नव्हते. तरसाने त्याच्या वहीत बहात्तर तास लिहून दिले. एका दमात बहात्तर तास काढलेला पक्षी जंगलात दुसरा नव्हता, म्हणून त्याला कॅप्टन केलं. पगार अर्थात पाचशे तासांनंतरच.

चार दिवसांनी कावळा नवऱ्याचा निरोप घेऊन आला. "परतीचं तिकीट काढलंय. अजिबात काळजी करू नकोस. या वेळी कॅप्टन एकदम अनुभवी आहे."

कुंदाने निरोप शांतपणे ऐकून घेतला.

"आई," ती म्हणाली, "पाच दिवस पुरतील एवढ्या दशम्या बांध."

तात्पर्य : स्वस्तातल्या प्रवासात प्रश्न विचारू नयेत. प्रश्न विचारणारी वेळेवर पोचते, आणि मग लग्नघरची सगळी भांडी तिलाच घासावी लागतात.