परबकाका आणि भाचीचे ट्रायग्लिसराइड्स

आमच्या मुलुंडच्या इमारतीत कुणी रक्त तपासून आलं, की रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी परबकाका वाचतात. लिफ्टमध्ये हात पुढे करतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात आणि म्हणतात, "आकडा नको सांगू. रेंज बघ, रेंज!"

काका डॉक्टर नाहीत. एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये त्यांनी तीस वर्षं रिपोर्ट टाइप केले. एवढ्या काळात रोग्याशी कधीच संबंध न आल्यामुळे त्यांचं ज्ञान निर्भेळ राहिलं आहे. माझ्या कोलेस्टेरॉलवर ते सोसायटीच्या वार्षिक सभेत 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली बोलले होते.

त्यांची भाची तन्वी आई गेल्यापासून त्यांच्याकडेच वाढली. गेल्या वर्षी तिच्या गालांवर मुरमांनी ठाण मांडलं. ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद, बाहेर पडताना मास्क. क्रीमं थकली, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पोटात घ्यायच्या कॅप्सूल दिल्या आणि बजावलं, "यांनी रक्तातली चरबी वाढू शकते. मधूनमधून उपाशीपोटी तपासायची. फार वाढली तर औषध थांबवावं लागेल."

काकांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच हुद्दा मिळाला. घरात तळण बंद झालं. बांगडा उकडला जाऊ लागला. तो अपमान बांगड्याच्याही चेहऱ्यावर दिसे. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी फ्रिजपुढे खुर्ची टाकून काका बसत.

"बारा तास म्हणजे बारा तास! आमच्या लॅबमध्ये..."

"मामा, तू टाइप करायचास रे!" तन्वी म्हणे.

तरीही सलग दोन रिपोर्टांत ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे तीच रक्तातली चरबी, रेंजच्या बरेच वर आले. इकडे गाल मात्र निवळत होते. पोरगी नुकतीच मास्कशिवाय खाली उतरायला लागली होती, आणि आता गोळ्या बंद व्हायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंकडे जाताना काकांनी साक्षीदार म्हणून मलाही नेलं.

"रक्त उपाशीपोटीच दिलं ना?" बाईंनी विचारलं.

"अर्थात!" काका गरजले.

"फक्त दही-साखर," तन्वी म्हणाली. "निघताना मामा हातावर ठेवतो. म्हणजे, वाटीच देतो."

"ते खाणं नव्हे, शकुन आहे," काका म्हणाले. "महत्त्वाच्या कामाला पोरीला तसंच धाडू?"

"शकुनाला चमचाभर पुरतं, काका," बाई म्हणाल्या.

"काम मोठं होतं. सायीचं लावलं होतं."

बाईंनी दोन्ही रिपोर्ट बाजूला सारले आणि पुन्हा तपासायला सांगितलं.

या वेळी तन्वी खरोखर उपाशी गेली. आकडा रेंजच्या जरासाच वर आला. एवढं या औषधाने होतंच, लक्ष ठेवू, असं म्हणून बाईंनी गोळ्या चालू ठेवल्या. काकांनी तो रिपोर्ट लिफ्टमध्ये कुणाला वाचून दाखवला नाही.

संध्याकाळी ते माझ्या दारात उभे. हातात धूळ पुसलेली ट्यूबलाइट. "जरा स्टूल धरतोस?"

त्यांच्या बेसिनवरच्या आरशापाशी एक मिणमिणता पिवळा बल्ब होता.

"ट्यूब गेली होती का?"

"नाय रे. मीच काढून माळ्यावर टाकली होती. सकाळी आरशासमोर रडत उभी राहायची." मग आतल्या खोलीकडे बघून त्यांनी हाक मारली, "तन्वी, हंय ये गो!"

ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. तन्वी आली आणि आरशात बराच वेळ बघत राहिली. काका स्टुलावरच उभे होते, भिंतीकडे तोंड करून.