बोरवनातला पहिला घोट

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांना हगवण लागली होती. नाक मुरडू नका. गोष्टीत राजकन्या हवी असेल तर दुसरीकडे जा. इथे हगवणच आहे.

जंगलाचं नाव बोरवन. तिथे एक मोठं तळं होतं. तळ्यात गवे डुंबत, डुकरं लोळत, आणि ज्यांची पोटं बिघडलेली ते काठावरच बसत, कारण लांब जाण्याइतकी सवड नसे. मग तहान लागली की सगळे त्याच तळ्याचं पाणी पीत. मोठे वाळत गेले. लहानगी मरत गेली.

टेकडीमागे एक झरा होता. नितळ, थंड, बारमाही. त्याचं पाणी मात्र कोणी पीत नसे. बोरवनाचा जुना रिवाज असा, की जो नवं पाणी दाखवील त्याने सगळ्यांसमोर पहिला घोट घ्यायचा आणि उंबराखाली बसायचं. उंबराची सावली एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत सरकेतो तो धड राहिला, तर ते पाणी सगळ्यांचं. फार वर्षांपूर्वी कोल्हेआजोबांनी हा झरा दाखवला होता. घोट घेतला, सावलीत बसले आणि बसल्या जागी गेले. त्यांचं वय झालं होतं, तोंडात एक दात उरला नव्हता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण गेले ते गेलेच. तेव्हापासून झऱ्याकडे कोणी फिरकलं नाही.

ही बातमी सर्ववन आरोग्य मंडळाच्या कानावर गेली. हे मंडळ फार लांब, एका सुंदर सरोवराच्या काठी होतं. तिथले राजहंस साऱ्या जंगलांची काळजी करत. काळजी करायला शांतता लागते, म्हणून ते सरोवर सोडत नसत. त्यांनी बोरवनात उदाजीला पाठवलं.

उदाजी म्हणजे थंडगिरीचं पाणमांजर. नुसत्या मिशा बुडवून तो पाणी चांगलं की वाईट ते सांगे. शिवाय तो स्वभावाने भला होता. हे मुद्दाम आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला शंका येईल.

तो परमुलखात गेल्यावर त्याची आई नदीकाठी सगळ्यांना सांगे, "आमचा बाहेर असतो." बाहेर काय करतो, ते सांगत नसे. हगवण हा शब्द तिला चारचौघांत उच्चारवत नसे.

बोरवनात मंडळाचं एक कुंपण होतं. त्यात उदाजी आणि मंडळाचे आणखी चार परदेशी राहत. संध्याकाळी ते एकत्र बसत आणि इथले प्राणी किती गोड आहेत याविषयी बोलत. त्यांच्यातल्या रोहित पक्ष्याला इथे येऊन तीन वर्षं झाली होती. तो अजून कोणाच्या बिळात गेला नव्हता, पण बिळांवर त्याने जाडजूड अहवाल लिहिला होता. उदाजीला सुरुवातीला याचं हसू यायचं. नंतर येईनासं झालं. परमुलखात संध्याकाळ फार लांबते, आणि ज्याच्या शेजारी बसायला मिळतं तोच आपला वाटू लागतो.

मंडळाचे नियम होते चाळीस. सूर्य मावळायच्या आत कुंपणात यावं. स्थानिकांकडे जेवू नये. दर सहा आठवड्यांनी सरोवरावर येऊन पंधरा दिवस थकवा घालवावा, थकवा आलेला नसला तरी. आणि सातवा नियम असा: परमुलखातलं पाणी पिऊ नये, कोणत्याही कारणाने पिऊ नये. म्हणून उदाजीसाठी दर आठवड्याला बगळे थंडगिरीचं पाणी आणत. बांबूच्या नळकांड्यात, वर मेण लावून.

उदाजी कामाला लागला. मदतीला मंडळाने सगुणा नावाची इथलीच एक काटेरी साळू दिली. तिला दोन पोरं होती आणि नवऱ्याला बिबट्याने नेलं होतं. तिला बोरवनातली सगळी बिळं माहीत, सगळ्यांच्या सोयरिकी माहीत. उदाजी बोले आणि ती ते बोरवनी बोलीत सगळ्यांना समजावून सांगे. दोघांनी सागाच्या पानांवर चित्रं काढली. तळं वाईट, झरा चांगला. पानं झाडाझाडाला टांगली.

सभा घेतल्या. सभेला झाडून सगळे येत, कारण शेवटी बोरं वाटली जात. सगळे माना डोलवत, बोरं खात, आणि बोरं खाऊन तहान लागली की तळ्यावर जात.

उदाजीने अहवाल लिहिला की जागृती शंभर टक्के झाली आहे. मंडळाने अभिनंदन कळवलं.

भाषण करता करता उदाजीचा घसा सुके. मग तो नळकांड्याचं मेण काढी, थंडगिरीच्या पाण्याचा घोट घेई आणि झऱ्याच्या पाण्याची थोरवी पुढे चालू ठेवी. बोरवनवाले अडाणी असतील, आंधळे नव्हते. साहेब तळ्याचं पीत नाही. साहेब झऱ्याचंही पीत नाही. साहेब नळकांड्यातलं पितो आणि साहेबाला हगवण नाही. तेव्हा गुण नळकांड्यात आहे, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

आठवड्याभरात बोरवनातलं बांबूचं बेट निम्मं झालं. माकडं, ससे, भेकरं, सगळे तळ्याचं पाणी नळकांड्यात भरून पिऊ लागले. हौशी मंडळी वर मेणही लावत. हगवण होती तशीच राहिली.

उदाजीने कपाळाला हात लावला आणि सारं खरंखरं मंडळाला लिहून कळवलं. मंडळाला फार आनंद झाला. नळकांड्यांचा वापर शून्यावरून नव्वद टक्क्यांवर गेला होता. इतकी प्रगती कुठल्याच जंगलात झाली नव्हती. बगळ्यांनी आणखी चारशे नळकांडी आणून टाकली आणि योजनेचं नाव 'घर तिथे नळकांडं' असं ठेवण्यात आलं.

अशात सगुणा चार दिवस कामाला उशिरा आली. उदाजीने कारण विचारलं, तर तिची धाकटी ठमी आजारी होती. पोटाचंच दुखणं. ती कुठलं पाणी पिते, असं त्याने सहज विचारलं. सगुणा म्हणाली, तळ्याचं.

उदाजी म्हणाला, "सगुणाबाई, सहा महिने तुम्ही सगळ्यांना सांगताय, तळ्याचं पाणी पिऊ नका म्हणून."

"सांगते की. कामच हाय ते."

"मग ठमीला झऱ्याचं का नाही पाजलंत?"

"साहेब, तुम्ही तरी कुठं पिता?"

उदाजीने तिला सातवा नियम समजावून सांगितला. पाणी उत्तमच आहे, पण आपलं शरीर वेगळ्या मुलखातलं, मंडळाला जबाबदारी असते, वगैरे. बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. सगुणाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. साळू मंडळी शांत असतात, काटे आपोआप उभे राहतात.

"येकच पाणी," ती म्हणाली, "तुमास्नी वाईट आन माझ्या पोरीला चांगलं, आसं कसं आसंल?"

त्या दिवशी उदाजीने नियमांची वही पहिल्यांदाच नीट वाचली. पाणी प्यायल्याची शिक्षा एका ओळीत होती: तात्काळ परत बोलावणे. दुसऱ्याचं पोर मेलं तर काय, याबद्दल चाळीस नियमांत काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या थकवा घालवण्याचे पंधरा दिवस सुरू होणार होते. भर दुपारी बगळे फाटकापाशी येऊन उभे होते. तेवढ्यात सगुणा आली. तिने नमस्कार केला नाही की कामाचं बोलली नाही.

"ठमी डोळं उघडंना," ती म्हणाली. "पैला घोट मीच घेतला आसता. पर मला काय झालं तर तिला बघणारं कोण न्हाई. हितं ज्याला पोरं हायेत त्यातलं कोणीबी घेणार न्हाई साहेब, आन ज्याला न्हाईत त्याला काय पडलीय."

उदाजीने बगळ्यांना थांबायला सांगितलं आणि तो तिच्यामागून निघाला.

झऱ्यावर सारं बोरवन जमलं. बोरवनाचे म्होरके गवेपाटील पुढे झाले. पाणी कोण दाखवतंय, असं त्यांनी रिवाजाप्रमाणे तीनदा विचारलं. उदाजी तीनदा म्हणाला, मी. मग तो वाकला आणि प्याला. एक घोट पुरला असता. उदाजी पोटभर प्याला, कारण पाणी खरोखरच चांगलं होतं.

मग तो उंबराखाली जाऊन बसला. सावली पहिल्या दगडाला टेकलेली होती. दुसरा दगड दोन हातांवर होता. सावली किती हळू चालते हे उदाजीला तोवर माहीत नव्हतं. सारं बोरवन त्याच्याकडे टक लावून बघत होतं. त्याच्या एकाही सभेत कोणी इतकं लक्ष दिलं नव्हतं.

मिशा सांगत होत्या की पाणी उत्तम आहे. पोट म्हणत होतं, मिशांचं काय जातंय. त्याला कोल्हेआजोबा आठवले. मग त्याला ढेकर आला, आणि सगळे दोन पावलं मागे सरले. सगुणा नाही सरली. ती ठमीला पाठीशी न घेता, काटे लागू नयेत म्हणून पोटाशी धरून बसली होती.

बऱ्याच वेळाने गवेपाटील जवळ आले. त्यांनी विचारलं, "साहेब, तुमचं नाव काय?"

सहा महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. उदाजीला भरून आलं. त्याने नाव सांगितलं.

"आन आईचं?"

उदाजीने तेही सांगितलं आणि कशाला हवं म्हणून विचारलं.

"न्हाई, तुमचं काय बरंवाईट झालं तर कुणाला कळवायचं," पाटील म्हणाले, "ते आपलं इचारून ठिवलं."

सावली दुसऱ्या दगडाला टेकली. पाटलांनी उदाजीभोवती एक फेरी मारली, त्याला हुंगलं, आणि म्हणाले, "धड हाय." सगुणाने ते पुरतं ऐकलंही नाही. ती पानाचा द्रोण भरत होती.

ठमी वाचली, बाळांनो. उगाच ताणून धरत नाही. आठ दिवसांत ती बिळाबाहेर लुटुलुटु चालू लागली. महिन्याभरात बोरवनातून हगवण गेली, आणि त्यानंतर त्या साली कोणाचंही लहानगं मेलं नाही. उदाजी सरोवरावर गेलाच नाही. तो सगुणाकडे जेवला, पाटलांकडे जेवला, सशांच्या बिळात अडकून पडला आणि त्याला ओढून काढावं लागलं. सूर्य मावळल्यावर तो कुंपणाबाहेर बसून पोरांना पोहायला शिकवी. चाळीसपैकी अकरा नियम मोडले आणि मोडताना एकही आठवला नाही. इतका आनंद त्याला जन्मात झाला नव्हता.

मग मंडळाचा निरोप आला. रोहित पक्ष्याने अतिशय सभ्य भाषेत सगळं कळवलं होतं. दुसरी गोष्ट म्हणजे, नळकांड्यांचा वापर नव्वद टक्क्यांवरून शून्यावर आला होता, कारण झऱ्यावर तोंड लावूनच पितात. हगवणीचे आकडे मंडळ ठेवत नसे. ती मोजायला अवघड आणि लिहायला ओंगळ. तेव्हा बोरवनाची योजना अयशस्वी ठरली होती आणि उदाजीला चौकशीसाठी बोलावलं होतं.

निघताना सारं बोरवन पोहोचवायला आलं. सगुणाने ठमीला सांगितलं, "पाया पड काकाच्या." साहेबाचा काका कधी झाला ते उदाजीला कळलं नाही, पण सरोवर येईपर्यंत त्याच्या मिशा ओल्याच होत्या.

चौकशीला एक म्हातारा राजहंस होता. प्रेमळ होता, हे कबूल केलं पाहिजे. त्याने उदाजीपुढे एक कागद सरकवला. पाणी का प्यायलात, याखाली तीन रकाने होते: तहान, अपघात, अज्ञान.

"त्यांनी प्यावं म्हणून मी प्यायलो," उदाजी म्हणाला.

"तसा रकाना नाही," राजहंस म्हणाला. मग त्याने आपुलकीने सल्ला दिला. तहान लिहू नये, कारण नळकांडं जवळ होतं, म्हणजे हलगर्जीपणा ठरेल. अपघाताला साक्षीदार लागतो, आणि इथे तर मुद्दाम प्यायलेलं साऱ्या जंगलाने पाहिलेलं. अज्ञान सगळ्यात बरं. अज्ञानाला मंडळ क्षमा करतं, फक्त शुद्ध पाणी म्हणजे काय याचं तीन दिवसांचं शिक्षण घ्यावं लागतं.

"पण मला पाण्यातलं कळतं," उदाजी म्हणाला.

"ते आम्हाला माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला पाठवलं होतं. अज्ञान लिहा."

उदाजीने अज्ञान लिहिलं. मग त्याने विचारलं, "बोरवनात आता हगवण नाही, हे कुठे लिहू?"

राजहंसाने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. त्याला खरंच वाईट वाटलं. "मागची बाजू कोरी आहे," तो म्हणाला. "पण ती कोणी वाचत नाही."

उदाजीने कागद उलटला. त्या साली बोरवनात जी लहानगी मेली नाहीत त्यांची नावं तो लिहू लागला. पहिलं नाव ठमीचं. अक्षर बारीक काढलं तरी पान पुरेना, तेव्हा कडेच्या कोऱ्या पट्ट्यांवर आडवं लिहिलं. राजहंसाने त्याला लिहू दिलं, घाई केली नाही. मग मंडळाने तो कागद नीट जपून ठेवला, पुढची बाजू वर करून.

तात्पर्य: परमुलखात जाऊन दुसऱ्यांचं आरोग्य सुधारायचं असेल तर कुंपणात बसावं आणि आपलंच पाणी प्यावं. बाहेर जाऊन त्यांच्याबरोबर प्यायलं तर ते बरे होतात, आणि मग शुद्ध पाणी म्हणजे काय ते आपल्यालाच शिकावं लागतं.