सोफ्यावर बसवलेला हवालदार

"थम! कौन आता है?"

आमच्या सोसायटीच्या गेटवर ही गर्जना झाली की नवा पाहुणा स्कूटरसकट दचकतो. आम्ही जुने लोक मुकाट्याने 'दोस्त' म्हणतो आणि आत शिरतो. चेअरमनची गाडीही त्यातून सुटत नाही. हिरामण पाटील, निवृत्त हवालदार, मूळचे धुळ्याकडचे, हल्ली सिल्वासात आमच्याकडे वॉचमन. दूधवाल्याला उशीर झाला की "टाइम गडबड है, जवान!" माझी भाजीची पिशवी हलकी दिसली की "ताई, रसद कमी पडून राहिली!"

लोक हसतात. मीही हसते. पण अहो, हसण्यापलीकडे या माणसाचं कोणी काही करतं का? दुसऱ्या गावात फौजीला निदान मिलिटरी कॅन्टीनच्या स्वस्त दारूच्या बाटलीसाठी तरी रामराम घालतात. आमचं सिल्वासा पडलं केंद्रशासित, इथे बाटली गल्लोगल्ली स्वस्त, मग फौजी हवा कशाला!

पाटीलकाकांच्या डाव्या पायात सळई आहे, सीमेवरची कमाई. गेटवर ते एका उंच लाकडी स्टुलावर टेकून असायचे. चेअरमनसाहेबांनी ते उचलून ऑफिसात कुलूपबंद केलं. म्हणे, वॉचमन टेकला की झोपतो.

"मीटिंगमध्ये तुम्ही घोरता, तुमची खुर्ची काढली का कोणी?" मी विचारलं.

"बेन, नियम एटले नियम."

नियम म्हणे! माझं डोकंच फिरलं. काका मात्र दिवसभर पाय बदलत उभे. म्हटलं, तुम्ही तरी बोला. तर म्हणाले, "हुकूम आहे ताई. हुकमाला सवाल नसतो."

आणि ऐका पुढची कमाल. सव्वीस जानेवारीला माजी सैनिकाचा सत्कार करायचं ठरलं आणि त्यासाठी वापीहून कोणाला तरी बोलवायचं घाटत होतं! भर मीटिंगमध्ये मी उभी राहिले. शाळेत शिकवते, आवाज काही बारीक नाही माझा.

"गेटवर उभा असतो तो कोण? बुजगावणं?"

झालं. काकांचाच सत्कार ठरला. त्या दिवशी पहाटेच येऊन त्यांनी झेंड्याची घडी घातली, आत झेंडूच्या पाकळ्या भरल्या, एका झटक्यात सुटेल अशी गाठ मारली. मग कोट चढवला, त्यावर पदकं लावली. पाहुण्यांसाठी हॉलमधला सोफा मैदानात आणला होता, माणूस आत बुडेल असा गुबगुबीत. काका म्हणाले, "नको ताई, मी उभाच बरा." मी कुठली ऐकते! दंडाला धरून बसवलं.

शाल झाली, नारळ झाला, फोटो झाले. चेअरमननी दोरी ओढली, पाकळ्या उधळल्या. सगळे ताडकन उभे राहिले, राष्ट्रगीत सुरू झालं.

काका बसलेलेच.

मागून कोणीतरी पुटपुटलं, "अरे, फौजी असून!" काकांचे दोन्ही तळवे सोफ्याच्या हातांवर दाबलेले, मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, अंग इंचभर उचलायचं आणि परत खाली. तोंड लाजेनं काळंठिक्कर पडलं होतं. मी धावले, हात दिला, सगळा जोर लावून ओढलं. उभे राहिले एकदाचे. मान ताठ, डोळ्यांतून पाणी वाहतंय.

राष्ट्रगीत संपलं, लोक जिलेबीकडे पळाले. काकांनी माझा हात अजून घट्ट धरला होता.

"स्टूल उंच होतं ना, उठता यायचं. खाली बसलो की एकट्याला उठता येत नाही, ताई. बायको होती तवा तीच हात द्यायची. ती गेली, तवापासून घरी मी खाली बसतच नाही."

"मग जेवता कसे?"

"उभ्यानं," ते म्हणाले, आणि शालीच्या टोकानं डोळे पुसले.

मी तशीच तरातरा निघाले. चेअरमनसाहेब बशीत दुसरी जिलेबी घेत होते. त्यांच्यापुढे हात पसरला.

"ऑफिसची किल्ली द्या. आत्ताच्या आत्ता."