अहो कॉम्प्युटर

आमच्या दूध संघाचे किसनतात्या कॉम्प्युटरला अहो म्हणायचे. चपला दाराबाहेर काढायचा नियम सगळ्यांनाच होता, पण आत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबून "येऊ का?" असं त्या यंत्राला विचारणारा माणूस उमरग्यात एकच. उत्तर येत नाही म्हटल्यावर ते थोडे थांबायचे आणि मग संमती मिळाल्यासारखे आत यायचे.

तालुक्यातली जनावरं छावणीत आणि संघाचे निम्मे कॅन रिकामे, अशा वेळी आमच्या चेअरमनसाहेबांनी हा कॉम्प्युटर आणला. का, तर शेजारच्या संघाने आणला म्हणून. खोलीला एसी लागला. दूध नासलं तरी चालेल, यंत्र गार राहिलं पाहिजे! उद्घाटनाचा नारळ कुणीतरी आतच फोडला. पाण्याचा थेंब उडून यंत्र बिघडेल म्हणून सोलापूरहून आलेले शिकवणारे सर इतके ओरडले, की चेअरमनसाहेबांचं भाषण आपोआप आटोपलं. संघावर त्यांचे हे उपकारच झाले.

मी नुकताच बी. कॉम. होऊन कारकून म्हणून लागलो होतो, आणि तात्या पन्नाशीला टेकलेले, संकलन विभागातले जुने कारकून. कॉम्प्युटरच्या वर्गात आमचं बाक एकच. तात्यांची बायको लवकर वारलेली, हायवेच्या नाक्याजवळ एका खोलीत एकटेच राहायचे. स्वभावाने इतके गरीब, की हुकूम म्हणून त्यांच्या तोंडून निघत नसे. "जमलं तर बघा, न्हायतर ऱ्हाऊ द्या," हे त्यांचं पालुपद. कँटीनमध्ये चहा मागायचा तरी, "चहा जमंल का? न्हाय जमला तर पाणी बी चालंल." मग पाणीच यायचं. एकदा सोलापूरच्या एसटीत कंडक्टरला म्हणाले, "जमलं तर नळदुर्गच्या फाट्यावर थांबवा." कंडक्टरला जमलं नाही. तात्या सोलापूरला उतरले, दुसऱ्या गाडीने परत आले आणि वर त्या कंडक्टरचंच कौतुक. "बिचाऱ्याला घाई हुती हो."

अशा माणसाची गाठ कॉम्प्युटरशी पडली. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे यंत्र मठ्ठ आहे. त्याला स्वतःचं काही कळत नाही. तुम्ही हुकूम द्यायचा. जो द्याल तो तंतोतंत पाळेल. तुमच्या मनात काय होतं, ते नाही विचारणार."

तात्यांनी हात वर केला. "चुकून भलतंच सांगितलं तर?"

"तर भलतंच करेल."

तात्यांचा चेहरा पडला. नाव छापायचं तर 'प्रिंट' एवढंच टाइप करायचं होतं. तात्यांनी त्याआधी 'प्लीज' घातलं. पडद्यावर चूक असल्याची ओळ उमटली. "बघा, रुसलं," तात्या म्हणाले आणि त्यांनी आणखी एक 'प्लीज' वाढवलं.

हसून हसून आमची पोटं दुखली. पण तात्यांना हसू येत नव्हतं. संघाने फर्मान काढलं होतं, परीक्षा पास होईल तो उमरग्याच्या ऑफिसात राहील, नापासाची बदली नळदुर्गच्या शीतकरण केंद्रावर. आम्हा पोरांना नळदुर्ग म्हणजे पर्वणी. धाबे होते, साहेबांचा डोळा नव्हता. तात्या मात्र धास्तावले होते.

"नळदुर्गात काय वाघ आहे का, तात्या?"

"वाघ न्हाय. पर मला हितंच ऱ्हायचंय," एवढंच ते म्हणाले.

मी त्यांची शिकवणी घ्यायचं ठरवलं. खुर्चीत बसलो. "मी कॉम्प्युटर. मला उठवा."

"उठता का?"

"चूक."

"उठा की जरा, जमलं तर."

"चूक."

मधली सुटी संपली तरी कॉम्प्युटर बसलेलाच. शेवटी तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तुमी दमला असाल."

परीक्षेला प्रोग्राम सोपा होता. दूधवाल्याचं नाव विचारायचं आणि छापून दाखवायचं. तात्या यंत्रासमोर बसले, कपाळाचा घाम पुसला आणि पुटपुटायला लागले. मी कान दिला. तोंडाने ते म्हणत होते, "अहो, जमलं तर एवढं नाव छापा," आणि बोटाने टाइप करत होते नुसतं 'प्रिंट'. प्रत्येक ओळीला तोंडाने विनंती, बोटाने हुकूम! सर म्हणाले, "परीक्षेत बोलायचं नाही." पण यंत्राची काही तक्रार नव्हती. पडद्यावर नाव उमटलं आणि तात्या पास झाले.

कँटीनमध्ये त्यांनी मला पेढा दिला. मी चेकाळून म्हणालो, "काय तात्या, एक साधा हुकूम सोडायला एवढं भ्यायचं?"

"एकदा सोडलाय," तात्या म्हणाले. "भात्तरच्या दुष्काळात. आमी समदी खडी फोडायच्या कामावर. पोराचं हात सोललं, काम टाकून घरी आलं. म्या भुकेनं तापलेला. म्हनलं, नीघ घरातनं, पुन्यांदा तोंड दाखवू नगंस. उठलं अन् नाक्यावरनं हैद्राबादच्या ट्रकात बसून गेलं. तवापास्नं ती खोली सोडली न्हाय म्या. त्याला तेवढाच पत्ता ठावं हाय. आता नळदुर्गाला गेलो असतो अन् ते नेमकं तवाच आलं असतं, तर कुलूप बघून माघारी फिरलं असतं."

उरलेला पेढा मी कागदावर ठेवला. काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "येईल हो तात्या. एक दिवस येईल."

तात्यांनी मान हलवली. "कसं यील? येऊ नगंस म्हनलंय न्हवं म्या," ते म्हणाले. "लई ऐकनारं पोरगं हाय माजं."