टटल यांचे घर, बाहेरून

घराच्या आत घरमालक राहतो. बाहेरची बाजू मात्र शेजाऱ्यांच्या मालकीची असते. हे तत्त्व ओहायो राज्याच्या कोणत्याही कायद्यात नमूद नाही, म्हणूनच ते तंतोतंत पाळलं जातं.

निवृत्त पोस्टमास्तर व्हर्जिल टटल हे तत्त्व पाळणारे गृहस्थ होते. समोरच्या हॅन्सनने घराच्या जुन्या फळ्यांवर विनाइलच्या पट्ट्यांचं नवंकोरं साइडिंग चढवलं, तेव्हापासून आपलं घर गोणपाट नेसून लग्नाला आल्यासारखं दिसतं, असं त्यांना वाटू लागलं. (झोपायच्या खोलीचा एक कोपरा कायम ओला असे. पण तो रस्त्यावरून दिसत नसल्यामुळे तातडीच्या कार्यवाहीची गरज नव्हती.)

कंत्राटदार नेमण्याची रीत ठरलेली आहे. तिघांना बोलवावं, तिघांचं ऐकून घ्यावं आणि ज्याचं बोलणं गोड लागेल त्याला काम द्यावं.

पहिली आली रॉक्सॅन बीचम. तिने पेचकस काढून कोपऱ्यातल्या फळीत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"हे लाकूड नाही हो, पावाचा लगदा आहे! आधी पन्हळ दुरुस्त करा, सडलेलं काढा, मग साइडिंगचं बघू. नाहीतर मढ्याला शालू नेसवल्यासारखं होईल."

घराच्या तोंडावर असं बोलणं सभ्यपणाला धरून नव्हतं. शिवाय बाईंचा ट्रक चिखलाने माखलेला होता. अपात्र.

दुसरा आलाच नाही. ("त्यातल्या त्यात प्रामाणिक हाच," असं टटल यांच्या पत्नी नोरीन म्हणाल्या.)

तिसरे ब्रॅडली क्विन. त्यांनी दारात बूट काढले, कुत्र्याचं नाव विचारलं आणि घराकडे पाहून चर्चमध्ये मिटावेत तसे डोळे मिटले.

"काय बांधणी आहे, टटलसाहेब! अशी घरं आता होणे नाही."

"त्या कोपऱ्यात ओल येते," नोरीन म्हणाल्या.

"बाई, एकदा पट्ट्या बसल्या की ओल दिसणारच नाही."

हे उत्तर तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं.

क्विन गेल्यावर नोरीन म्हणाल्या, "अरे, ती बाई खरं बोलत होती."

"खरं ऐकायला मी दर रविवारी चर्चमध्ये जातो," टटल म्हणाले. "मला भिंत हवी आहे."

काम झालं. घर असं झळकलं की हॅन्सन रस्ता ओलांडून येऊन भिंतीला हात लावून गेला. टटल यांनी अंगणातली खुर्ची उलटी फिरवली आणि रस्त्याकडे पाठ करून ते दिवसभर घराकडे बघत बसू लागले.

वसंतात झोपायच्या खोलीत अळंबी उगवली. टटल यांनी ती उपटली, तर भिंतीचा तुकडा हातात आला. क्विन यांना फोन केला. त्या क्रमांकावर एका केशकर्तनालयाने अत्यंत सौजन्याने उत्तर दिलं.

त्याच आठवड्यात टटल यांच्या विधवा बहिणीचा, आर्डिथचा, फोन आला.

"दादा, तुझ्या घराचा फोटो घेऊन एक क्विन म्हणून माणूस आलाय. बरा आहे का रे? तू म्हणशील तसं करते."

नोरीन भिंतीचा तुकडा हातात धरून समोर उभ्या होत्या. टटल यांनी तुकड्याकडे पाहिलं, मग खिडकीतून हॅन्सनच्या घराकडे पाहिलं. आपण फसलो हे एकदा आर्डिथला कळलं की रविवारपर्यंत सगळ्या गावाला कळणार होतं.

"एक नंबर माणूस," ते म्हणाले. "डोळे मिटून काम दे."

नोरीननी फोन हिसकावला. "आर्डिथ, दार लाव! आमची भिंत कुजलीये, अळंबी आलीये घरात!"

"कळलं हं, वहिनी," आर्डिथ थंडपणे म्हणाली. "माझं चांगलं झालेलं तुला कधीच बघवलं नाही." आणि तिने फोन ठेवून सही केली.

आपल्याला टटल कुटुंबाची कीव आली असेल, तर ती रास्त आहे. ती करून झाली की दिवाणखान्यात ओल आलेल्या जागी आपण जे निसर्गचित्र टांगलं आहे, ते जरा सरळ करावं. पाहुणे यायची वेळ झाली.